लाकडी युद्धजहाजाला तोफ मारत नाही, पाऊस मारतो

मागच्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतला आमचा वाडा उतरवला. तुळया खाली येत होत्या तसा मिस्त्री प्रत्येक तुळईवर हातोडी मारून बघत होता, मधे मारलं की खणकन आवाज यायचा आणि भिंतीत गेलेल्या टोकाला मारलं की धप्प. चांगली दीडशे वर्षांची सागवानी तुळई, मधून अगदी कालच कापल्यासारखी, आणि टोकाला हाताने चुरा होत होता. मिस्त्री म्हणाला, "भिंतीत गाडलेलं टोक वाचतच नाही दादा, वरून कौलाचं पाणी झिरपतं आणि वारा लागत नाही." भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आलेल्या माणसाने टोकं कापून बाकीच्या तुळया घेतल्या, त्याला मधल्या लाकडाची किंमत बरोबर माहीत होती.

हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात मात्र जहाजं होती. मला शिडाच्या युद्धजहाजांचं वेड आहे, बऱ्याच वर्षांपासून, आणि भाच्याने एकदा विचारलेला प्रश्न तेव्हापासून मनात होता की मामा, लाकूड पाण्यात ठेवलं तर कुजतं ना, मग ती शंभर तोफांची जहाजं टिकायची कशी आणि किती वर्षं? प्रश्न साधा वाटतो पण उत्तर एका आकड्यात देता येत नाही. कारण काही जहाजं समुद्र न बघताच कुजली, काही दहा-पंधरा वर्षांत खिळखिळी झाली आणि एक तर मुंबईत बनलेलं, १८१७ सालचं, आजही पाण्यावर तरंगतंय. तर आज हेच जरा नीट, सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं युद्धजहाज म्हणजे लढाईत तोफगोळे लागून बुडायचं. प्रत्यक्षात लाकडी जहाज तोफगोळ्यांनी बुडवणं भयंकर अवघड होतं. लाकूड मुळात तरंगतं, गोळे बहुतेक पाण्याच्या रेषेच्या वर लागायचे, आणि गोळा आरपार गेला तरी ओलं तंतुमय लाकूड परत थोडं मिटतं, शिवाय जहाजावरचे सुतार लाकडी गुट्ट्या, कापड, शिशाचे पत्रे घेऊन आत तयारच असायचे, भोक पडलं की लगेच ठोकून बंद. स्पेनच्या किनाऱ्याजवळची ट्रफाल्गारची लढाई घ्या, २१ ऑक्टोबर १८०५. एका बाजूला इंग्रजांची २७ मोठी जहाजं, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. दुपारभर इतक्या जवळून मारा चालला की जहाजांच्या काठ्या एकमेकांत अडकत होत्या, आणि तरी लढाई चालू असताना नष्ट झालेलं जहाज एकच, फ्रेंचांचं आशील, तेसुद्धा आग लागून दारूकोठार फुटल्यामुळे. बाकीची जी गेली त्यातली बरीचशी नंतर आलेल्या वादळात गेली.

म्हणजे तोफेपेक्षा आग आणि वादळ जास्त घातक. आगीचं उदाहरण द्यायला आपल्याला स्पेनच्या किनाऱ्यावर जायची गरजच नाही. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. नानासाहेब पेशव्यांचं आणि तुळाजी आंग्र्यांचं बिनसलेलं, पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आधीच्या वर्षी सुवर्णदुर्ग घेतला होता आणि आता जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं आरमार. आंग्र्यांची गुराबं-गलबतं किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकमेकांना खेटून नांगरलेली होती. इंग्रजांचा एक फुटणारा गोळा रेस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला, हे जहाज आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पूर्वी पकडलेलं होतं, त्याने पेट घेतला आणि तिथून आग एकावरून दुसऱ्यावर सरकत गेली. डांबर, तेल, काथ्या, कोरडी शिडं, दारू, लाकडी जहाज म्हणजे रचून ठेवलेली चिताच असते. कान्होजींच्या काळापासून उभं राहिलेलं आरमार काही तासांत राख झालं. माझ्या मते पुण्याच्या दरबाराने केलेली ही फार मोठी चूक होती, इंग्रजांना जे काम चाळीस वर्षं जमलं नव्हतं ते आपण त्यांच्या हातात दिलं, आणि दर वेळी विजयदुर्गच्या तटावरून खाली खाडीत बघताना मला ते आठवून वाईट वाटतं.

पण आग आणि वादळ हे अपघात झाले. बहुतेक जहाजं मरायची ती हळूहळू, बंदरात उभी असताना. आणि त्याचं कारण आमच्या तुळईच्या टोकासारखंच.

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं, तर बुरशी लाकूड खाते. बुरशीला ओल लागते, थोडी हवा लागते आणि ऊब लागते. लाकूड पूर्ण कोरडं असेल तर ती जगत नाही, पूर्ण पाण्यात बुडालेलं असेल तर हवा मिळत नाही म्हणून जगत नाही, मधल्या अवस्थेत मात्र ती फोफावते. आता गंमत म्हणजे खारं पाणी तिला फारसं मानवत नाही. आपण लोणच्यात मीठ घालतो ते ज्या कारणासाठी, तेच. म्हणून समुद्राच्या पाण्याखालचा जहाजाचा भाग बुरशीपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतो, आणि धोका असतो तो वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा, पावसाचा, डेकच्या फटींमधून झिरपून बरगड्यांच्या मधल्या बंद जागेत जाऊन बसणाऱ्या पाण्याचा. जहाजाला बाहेरून फळ्या, आतून फळ्या, आणि मधे जाड लाकडी बरगड्या उभ्या, त्या बरगड्यांमधल्या पोकळीत वारा नाही, उजेड नाही, नुसती दमट हवा. हे जहाज बांधणाऱ्यांना अनुभवाने पक्कं माहीत होतं. म्हणून बरेच जण त्या पोकळीत चक्क मीठ भरायचे, म्हणजे वरून पाणी झिरपलं तरी आत जाईपर्यंत खारट होईल.

दुसरं, लाकूड कापल्या कापल्या वापरायचं नाही, ते मुरू द्यायचं, त्यातला रस सुकू द्यायचा. शांततेच्या काळात बांधलेलं जहाज आणि युद्धाच्या घाईत बांधलेलं जहाज यांच्या आयुष्यात जो फरक पडतो तो इथे. इंग्रजांचं व्हिक्टरी, जे ट्रफाल्गारला तिथे मारला गेलेला इंग्रज ॲडमिरल नेल्सन याचं जहाज होतं, त्याचा कणा, म्हणजे तळाची लांब मुख्य तुळई, १७५९ साली मांडला, पण मधेच युद्धाची घाई संपली आणि सांगाडा काही वर्षं तसाच उघड्यावर वाळत राहिला. १७६५ ला पाण्यात उतरवलं. तो उशीर जहाजासाठी वरदान ठरला असं जाणकार सांगतात आणि मला ते पटतं. याच्या उलट क्वीन शार्लट नावाचं १०० तोफांचं जहाज नेपोलियनच्या युद्धाच्या धांदलीत बांधलं, १८१० ला पाण्यात सोडलं, आणि समुद्रावर कामाला निघायच्या आधीच लक्षात आलं की आतून बुरशीने पोखरलंय, परत उघडून दुरुस्ती करावी लागली. विचार करा, राणीच्या नावाचं, शंभर तोफांचं, कोरं करकरीत जहाज.

आणि लाकूड किती लागायचं? व्हिक्टरीला साधारण ६००० झाडं लागली, त्यातली बहुतेक ओकची. त्यात सरळ लाकूड मिळणं एक वेळ सोपं, पण बरगड्यांना आणि डेकच्या खालच्या कोपऱ्यांना निसर्गतःच वाकडं वाढलेलं लाकूड लागतं, कारण सरळ ओंडक्यातून वाकडा तुकडा कापला तर रेषा तुटतात आणि तो ताणाला टिकत नाही. त्यामुळे सुतार जंगलात फिरून फांदीचा बाक बघून झाड निवडायचे. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल जे सांगितलंय ते या संदर्भात मला नेहमी आठवतं. सागवान वगैरे राज्यातल्या अरण्यातून हुजूरची परवानगी घेऊन तोडा, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. जहाजाचं आयुष्य मोजायचं तर खरं म्हणजे इथून मोजायला हवं, कारण ऐंशी-शंभर वर्षं वाढलेलं झाड कापून त्याचं जहाज दहा-बारा वर्षांत कुजवणं हा केवढा तोटा.

हो, दहा-पंधरा वर्षं. ओकचं जहाज नियमित कामात असेल तर साधारण इतक्या काळात त्याला मोठी दुरुस्ती लागायची, आणि मोठी दुरुस्ती म्हणजे गोदीत घेऊन फळ्या काढून आतल्या बरगड्या बदलणं.

बुरशी वरून, तर खालून दुसरा शत्रू. त्याला किडा म्हणतात पण तो किडा नाही, शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे, लांबट मऊ शरीर आणि तोंडाशी दोन छोटी शिंपलं, त्या शिंपल्यांनी तो लाकूड किसत आत शिरतो. बाहेरून दिसायला टाचणीएवढं भोक, आतून मात्र फळी मधमाशीच्या पोळ्यासारखी झालेली असते. गरम समुद्रात हा जास्त फोफावतो, म्हणजे आपला कोकण किनारा त्याच्यासाठी स्वर्गच. आपल्याकडचे लोक तळाला चुना आणि तेल कालवून जाड थर द्यायचे, आणि पावसाळ्यात होड्या-गलबतं किनाऱ्यावर ओढून घ्यायचे, तो ओढून घेण्याचा रिवाज नुसता वादळासाठी नव्हता, तळ वाळायचा, साफ व्हायचा.

शंभर तोफांचं जहाज काही वाळूत ओढता येत नाही. म्हणून इंग्रजांनी तळाला तांब्याचा पत्रा मारायचा प्रयोग केला, १७६१ मध्ये, अलार्म नावाच्या फ्रिगेटवर, म्हणजे मोठ्या युद्धजहाजापेक्षा लहान आणि वेगवान जहाजावर. तांबं खाऱ्या पाण्यात अगदी हळूहळू विरघळतं आणि ते विरघळलेलं तांबं या प्राण्यांना, शेवाळाला विषारी असतं, त्यामुळे तळ स्वच्छ राहिला, पोखरणारे गेले, जहाज वेगानेही जायला लागलं. दोन वर्षांनी तपासलं तर मात्र वेगळाच घोळ दिसला. तळाचे लोखंडी खिळे आणि बोल्ट विरघळून गेले होते. कारण तांबं, लोखंड आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली ना, आणि अशा बॅटरीत लोखंड खाल्लं जातं, तांबं वाचतं. पण काही खिळे मात्र शाबूत होते, का, तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी पत्र्याखाली तसाच राहिला होता. कागदामुळे दोन धातू एकमेकांना टेकले नाहीत. मला हा प्रसंग फार आवडतो, कोणीतरी कागद काढायचा कंटाळा केला आणि त्यातून एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. पुढे १७८० च्या आसपास जवळजवळ सगळ्या इंग्रजी आरमाराला तांबं मारलं, व्हिक्टरीलाही १७८० सालीच, आणि मग खिळे-बोल्टसुद्धा तांब्याच्या मिश्रधातूचे वापरायला लागले.

इथपर्यंत बाहेरून येणारे शत्रू. पण जहाज स्वतःच्या वजनानेही मोडत असतं आणि हा मुद्दा लोकांना पटकन समजत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. जहाजाचा मधला भाग रुंद, फुगीर, तिथे पाणी जास्त जोराने वर ढकलतं. पुढचं आणि मागचं टोक निमुळतं, तिथे पाण्याचा आधार कमी. पण वजन काही त्या हिशोबाने वाटलेलं नसतं, तोफा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगेत, आणि ३२ पौंडी तोफ म्हणजे एकेक जवळजवळ तीन टनांची, व्हिक्टरीच्या सगळ्यात खालच्या तोफमजल्यावर अशा ३० होत्या. मग काय होतं, तर मधला भाग वर उचलला जातो, टोकं खाली लोंबतात, वर्षानुवर्षं. हातात केळं धरा, टोकं खाली करून, तसा जहाजाचा कणा होतो. कणा वाकला की फळ्यांचे सांधे उघडतात, सांधे उघडले की त्यातला काथ्या आणि डांबर बाहेर येतं, पाणी आत येतं, आणि पुन्हा बुरशीची सोय. एकदा हे चक्र चालू झालं की पंपावर माणसं लावून पाणी उपसत राहायचं, दुसरा इलाज नाही. अमेरिकेचं कॉन्स्टिट्यूशन, १७९७ साली पाण्यात उतरलेलं, ते १९९० च्या दशकात गोदीत घेतलं तेव्हा त्याचा कणा १३ इंचांपेक्षा जास्त वाकलेला होता. त्याच्या मूळ आराखड्यात आतून तिरके आधार होते, आपल्या कैचीसारखे, ते त्या दुरुस्तीत परत बसवले. इंग्रजांकडे रॉबर्ट सेपिंग्ज नावाच्या माणसाने १८१० नंतर अशीच तिरक्या आधारांची पद्धत आणली, त्याआधी जहाज म्हणजे सगळे काटकोन, आणि काटकोनाची चौकट दाबली की तिरकी होते हे कुठलाही सुतार सांगेल.

आता महत्त्वाचं. या जहाजांचं बहुतेक आयुष्य लढाईत तर सोडाच, समुद्रातही जायचं नाही. युद्ध संपलं की तोफा, शिडं, काठ्या सगळं उतरवायचं, खलाशांना घरी पाठवायचं, आणि जहाज नदीच्या तोंडाशी किंवा बंदरात बांधून ठेवायचं, थोडे देखरेखीचे लोक ठेवून. व्हिक्टरी १७६५ ला पाण्यात उतरलं आणि पहिल्यांदा कामावर गेलं १७७८ ला. तेरा वर्षं नुसतं उभं. या उभं राहण्याच्या काळात कोणी काळजी घेतली का, झडपा उघडून वारा खेळवला का, वर छप्पर घातलं का, यावर पुढचं सगळं ठरायचं. आपल्याकडे बंद घर लवकर पडतं म्हणतात ते जहाजालाही अगदी लागू आहे. आणि छप्पर घातलं तर काय होतं याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे युनिकॉर्न नावाचं फ्रिगेट, १८२४ साली बांधलं, युद्ध तर संपलेलंच होतं, म्हणून काठ्या-शिडं न चढवताच वर पक्कं छप्पर घालून बाजूला ठेवलं. ते कधीच लढलं नाही. आज स्कॉटलंडमधल्या डंडीला ते उभं आहे आणि त्यातलं मूळ लाकूड इतकं शाबूत आहे कारण त्याच्यावर कधी पाऊसच पडला नाही.

मग मोठी दुरुस्ती की नवं जहाज, हा प्रश्न यायचा, आणि तो पैशाचा प्रश्न होता. व्हिक्टरीला बांधायला ६३,१७६ पौंड लागले होते. १७९० च्या दशकाच्या शेवटी ते इतकं थकलं होतं की त्याला कैद्यांसाठी दवाखाना करायचं ठरलं होतं, म्हणजे संपलंच. पण १७९९ मध्ये दुसरं एक मोठं जहाज, इम्प्रेग्नेबल, उथळ पाण्यात अडकून गेलं, तेवढ्या आकाराचं जहाज तातडीने हवं होतं, म्हणून व्हिक्टरीला परत उघडलं. १८०० ते १८०३ दुरुस्ती चालली आणि खर्च आला ७०,९३३ पौंड, नवीन बांधताना लागला त्यापेक्षा जास्त. आणि दोन वर्षांत ते ट्रफाल्गारला होतं. ते इम्प्रेग्नेबल अडकलं नसतं तर नेल्सन दुसऱ्याच कुठल्या तरी जहाजावर पडला असता.

इतकं सगळं बदलल्यावर ते तेच जहाज राहतं का असं लोक विचारतात. कॉन्स्टिट्यूशनमध्ये आज मूळ लाकूड साधारण दहा ते पंधरा टक्के आहे असं सांगतात, कणा मात्र मूळचा. मला वाटतं हो, तेच जहाज आहे, कारण ते एकदम नाही बदललं, एकेक फळी आधीच्या फळीला टेकवून, तिच्या मापाने बदलत गेली. आपला वाडाही असाच जगतो, आजोबांनी खांब बदलला, वडिलांनी कौलं.

आता सागवानाकडे येतो, म्हणजे आपल्या घरी. ओक मजबूत, पण त्यात एक आम्ल असतं जे लोखंडी खिळ्यांना खातं. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, खिळा बारीक होतो, सांधा ढिला. सागाचं उलट आहे, त्यात नैसर्गिक तेल असतं, त्याने लाकडात पाणी शिरत नाही, बुरशी लागत नाही, आणि आतलं लोखंडही टिकतं. शनिवारवाड्याला जुन्नरच्या जंगलातलं सागवान आणलं होतं ते उगाच नाही, आणि तो वाडा गेला तोसुद्धा कुजून नाही, १८२८ च्या आगीत गेला.

मुंबईत सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया, १७३६ साल, तिथपासून त्या घराण्याच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. मलबारचा साग आणि वाडियांचे सुतार. १८१० मध्ये मिंडेन, ७४ तोफांचं, ब्रिटनच्या बाहेर बांधलेलं इंग्रजी आरमाराचं पहिलं मोठ्या वर्गातलं युद्धजहाज, मुंबईत बनलं. आणि मग ट्रिंकोमाली, ३८ तोफांचं फ्रिगेट, जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेलं. याची गोष्ट ऐका. याचे नकाशे इंग्लंडहून जावा नावाच्या इंग्रजी जहाजातून निघाले होते, तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं, आणि ते जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोणाला सापडलं, तर त्याच कॉन्स्टिट्यूशनला, ज्याच्या कण्याबद्दल मी वर लिहिलं. जावा गेलं, नकाशे गेले, दुसरे पाठवावे लागले, काम लांबलं. आणि त्या लढाईत कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक तुटलं म्हणून त्यांनी जावाचं चाक काढून आपल्याला लावलं. आज त्या काळातली जी मोजकी युद्धजहाजं पाण्यावर आहेत त्यात हीच दोन, एक नकाशे बुडवणारं आणि एक त्या नकाशांमुळे उशिरा जन्मलेलं.

ट्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं. म्हणजे बघा, पुढच्याच महिन्यात खडकीची लढाई झाली आणि पुण्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. १८१९ ला ते इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात पोचलं तेव्हा नेपोलियन केव्हाच कैदेत होता, कोणाला फ्रिगेट नको होतं, म्हणून छप्पर घालून पंचवीस-सव्वीस वर्षं बांधून ठेवलं. १८४५ नंतर तोफा कमी करून तयार केलं, मग वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका, पुढे १८५२ ते १८५७ प्रशांत महासागर. समुद्रावरचं खरं काम एवढंच, जेमतेम आठेक वर्षं. त्यानंतर मुलांना खलाशी बनवण्याचं प्रशिक्षण जहाज, मग १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं, तिथून एका माणसाने विकत घेऊन फुद्रोयां असं नाव बदलून परत शाळा केली आणि ती शाळा १९८६ पर्यंत चालली. मग हार्टलपूलला नेऊन दुरुस्त केलं, जुनं नाव परत दिलं. आज ते तिथे पाण्यात तरंगतंय आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लाकूड मुंबईत बसवलेलंच आहे. दोनशे वर्षं.

बाकी मुंबईच्या जहाजांचे शेवटही बघा. कॉर्नवॉलिस, १८१३ चं. याच्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, ज्यात हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. पुढे त्याचा उपयोग बंदरात धक्का म्हणून केला, म्हणजे लोक त्याच्यावरून चालत दुसऱ्या बोटीत चढायचे, आणि मोडलं ते १९५७ साली. वेलस्ली, १८१५ चं, शेवटी थेम्स नदीत प्रशिक्षण जहाज म्हणून उभं होतं, सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांचा बॉम्ब लागला आणि ते बुडालं. मुंबईच्या सुतारांनी तासलेलं सागवानी जहाज शेवटी विमानाने मारलं. शिडाच्या काळातलं इंग्रजांचं दुसरं असं कुठलंही मोठं युद्धजहाज विमानाने बुडवलेलं नाही.

शिडाच्या जहाजांचा काळ संपला तो साध्या भरीव गोळ्यांमुळे नाही, आत दारू भरलेल्या, फुटून आग लावणाऱ्या गोळ्यांमुळे. १८५३ ला तुर्कस्तानातल्या सिनोपच्या बंदरात रशियन तोफांनी तुर्कांची लाकडी जहाजं जाळली, १८६० ला इंग्रजांनी लोखंडी वॉरियर पाण्यात उतरवलं, पुढच्या दहा-वीस वर्षांत लाकडाला लढाईत कोणी विचारेना. पण लाकूड अजून चांगलं होतं. म्हणून तुरुंग, दवाखाना, दारूकोठार, शाळा, गोदाम, धक्का. यातली तुरुंगजहाजं भीषण होती, त्यात माणसं कोंबून ठेवायचे, त्याबद्दल मला काही कौतुक नाही.

एका जहाजाचा शेवट मात्र वाचताना मला अजूनही त्रास होतो. फ्रान्समध्ये बांधलेलं, ट्रफाल्गारला फ्रेंचांच्या बाजूने लढलेलं, तिथून निसटून दोन आठवड्यांत पकडलं गेलेलं, मग इम्प्लॅकेबल नावाने इंग्रजांकडे शंभर वर्षांहून जास्त राहिलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून डिसेंबर १९४९ मध्ये ते समुद्रात नेलं, दोन्ही देशांचे झेंडे चढवले, आणि तळाला सुरुंग लावले. तळ उडाला, पण जहाज लगेच बुडालंच नाही, कितीतरी वेळ तरंगत राहिलं. लाकूड बुडायला तयार नव्हतं.

त्या प्रसंगाची लाज वाटून तिकडे पुढे जुनी जहाजं जपायला जोर आला असं म्हणतात. व्हिक्टरी १९२२ पासून पोर्ट्समथला कोरड्या गोदीत आहे. कोरडी गोदी म्हणजे सुरक्षित असं वाटेल, पण तिथे दोन अडचणी. एक, जहाज पाण्याने सगळीकडून सारखं उचललेलं असायला बनवलेलं असतं, ते खाली ठराविक आधारांवर ठेवलं की हळूहळू त्या आधारांवर बसत जातं, म्हणून आता शंभराहून जास्त टेकू लावून वजन वाटून घेतलंय. आणि दुसरी अडचण तुम्ही ओळखली असेलच. इंग्लंडचा पाऊस. खारं पाणी गेलं, गोडं पाणी वरून झिरपतंय, आतल्या बरगड्यांना बुरशी, शिवाय लाकूड खाणारे भुंगेरे. सध्या तिथे मोठं काम चालू आहे, बाहेरच्या फळ्या काढून आतला कुजलेला भाग बदलतायत, काही वर्षं चालेल.

आणि अमेरिकेने काय केलंय, तर इंडियाना राज्यात, समुद्रापासून कितीतरी लांब, क्रेन नावाच्या ठिकाणी आरमाराच्या जागेतल्या जंगलात पांढऱ्या ओकची झाडं फक्त कॉन्स्टिट्यूशनसाठी राखून ठेवलीत. शंभरेक वर्षांची झाडं, पुढच्या दुरुस्त्यांच्या फळ्यांसाठी.